न लावलेली बाग

दुष्काळाच्या त्या वर्षी गेवराईजवळच्या माझ्या शाळेच्या वाटेवर तो रोज दिसायचा. भेगाळलेल्या उघड्या रानात मचाणावर उभा राहून गोफण फिरवायचा आणि आभाळात एक पाखरू नसताना हाऽऽ हा करून ओरडायचा.

एका दुपारी गाडी रस्त्याला लावून मी मचाणापर्यंत गेलो.

"काय राखता, मामा?"

"डाळिंबाची बाग. कारखान्याच्या चेअरमनची हाय."

"इथं तर कुसळ नाही!"

"कागदावर लई फळ हाय, गुरुजी. शेतीच्या कमाईला टॅक्स न्हाई, म्हणून सायबाची सगळी कमाई हितंच पिकती. चौकशीला कुणी आलं तर राखणदार दिसाया पायजे."

माझा टॅक्स पगार हातात पडायच्या आधीच कापला जायचा. राग चेअरमनचा होता, निघाला मामावर.

"आणि तुम्ही खुशाल ओरडता? लाज नाही वाटत?"

"आधी वाटायची," तो शांतपणे म्हणाला. "आता दुपारी ह्याच डाळिंबाखाली सावलीला निजतो."

मी तावातावानं रस्त्याकडे निघालो.

"जपून, गुरुजी," तो मागून म्हणाला, "फांदी लागंल."

आणि त्या मोकळ्या रानात मी वाकलो.