मास्टर गेला!

माझ्यापाशी किस्से असे साठलेत, की एकाला हात घातला तर चार घरंगळत खाली येतात. तर आटपाट छावणी होती म्हणा. तिथं आमचे हे, सासूबाई, मी आणि एक जुनी विलायती मोटार, असे चौघं राहत होतो. पोलीस ॲक्शननंतर शहर सोडून चाललेल्या एका जहागीरदाराकडून ह्यांनी ती घेतली. वेरूळला टुरिस्ट न्यायचे, त्यावर आमची चूल. मोटारीला सगळं होतं, फक्त ब्रेक नव्हता!

* * *

मोटार दारात यायची वेळ झाली, की सासूबाई चाकाखाली टाकायला दगड घेऊन उभ्या! एकदा दगड सापडेना, म्हणून त्यांनी पाटाच टाकला. मोटार थांबली, पण पाट्याचे दोन तुकडे.

"आता चटणी तुझ्या बोनेटवर वाटू व्हय रं?"

हे दोन दिवस कोरडी भाकर खात होते.

* * *

मग पासिंगवाल्या साहेबानं सांगितलं, "आठ दिवसांत ब्रेक दाखवा, नाहीतर परमिट विसरा." आमचे मिस्त्री यासीनभाई मोटारीखाली शिरले. बाहेर आले ते कपाळाला हात लावून.

"भाभी, मास्टर गया!"

शेजारी शाळेचे मास्तर राहायचे, तापानं पडलेले. मी पदर डोळ्याला लावून रडतच त्यांच्या दारात. दार उघडलं खुद्द मास्तरांनी!

"काय झालं वहिनी?"

"यासीनभाई म्हणले, तुम्ही गेलात!"

"कुठं?"

मास्टर म्हणजे ब्रेकचं तेल ढकलणारा सिलेंडर, हे मला घरी आल्यावर कळलं. मास्तरांना मी आजवर सांगितलं नाय.

* * *

शहरातला स्पेअर पार्टवाला तर ह्यांना बघून उभाच राहिला. "ह्या गाडीचं सामान? अहो, ते गोऱ्या साहेबांसंगं विलायतेला गेलं!"

* * *

शेवटी पत्ता लागला सिल्लोडला. एका चाचीच्या परसात तस्सीच मोटार, चाकं काढून दगडांवर चढवलेली. पण आत पेडलपाशी कोंबडी अंड्यांवर खुडूक बसलेली! चाची म्हणाली, "बारा दिन बाद आना." आमच्याकडं उरले होते दोन.

मी हातापाया पडले. चाची कबूल झाली, पण कोंबडी हलवायची नाय. मग यासीनभाई खालून शिरले. पान्ह्याचा एक आटा फिरला, की वरून चाची ओरडायची, "धीरे! अंडे हिलेंगे!"

दोन तासांनी मास्टर छातीशी धरून बाहेर आले. "भाभी, इतना धीरे तो मैं अपने निकाह में भी नहीं बोला!"

* * *

आठव्या दिवशी परीक्षा. साहेब पुढं ह्यांच्या शेजारी, मी मागं नारळ घेऊन. उतारावर मोटार सुटली. साहेब म्हणाले, "मारा!" ह्यांनी अंगातलं सगळं बळ लावून, दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. मोटार जागच्या जागी उभी! साहेबांची टोपी काचेवर, चष्मा ह्यांच्या मांडीवर आणि माझा नारळ साहेबांच्या पुढ्यात.

साहेबांनी टोपी घातली, चष्मा लावला. मग खाली उतरले, बोनेटवर कागद ठेवून सही केली आणि परमिट ह्यांच्या हातात दिलं.

"बसा ना साहेब, ऑफिसात सोडतो," हे म्हणाले.

"नको," साहेब म्हणाले, "मला पोरंबाळं आहेत!"