दोन तारांमधलं अंतर

धुळ्यात आग्रा रोडला, रुपचंदशेठच्या कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला टेकून झुलाल मिस्तरीचं दुकान होतं. वर पत्रा, खाली हत्यारांची लाकडी पेटी, बाजूला चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या आणि घसा खवखवणारा ॲसिडचा वास. ट्रकचं वायरिंग हा त्याचा धंदा. त्याचं काम शिंदखेड्यापर्यंतचे ड्रायव्हर नुसतं बघून ओळखत. प्रत्येक तार सरळ, शेजारच्या तारेपासून सुटी, आणि काळ्या टेपचं शेवटचं टोक आत दुमडलेलं. पुढे कधी टेप सोडायची झाली तर ते बोटाला सापडावं म्हणून.

ही सफाई हौसेची नव्हती. तो शिकत होता तेव्हा सोनगीरजवळ सरकीचा एक ट्रक जळाला आणि आत झोपलेला क्लीनर गेला. एकमेकींत गुंतलेल्या दोन तारा घासून उघड्या पडल्या होत्या. वायरिंग झुलालच्या उस्तादाचं होतं. तेव्हापासून गुंता दिसला की झुलाल तो सोडवायला बसे. घरी त्याची बायको शेवंताबाई म्हणे, "मन्ही वेणी बी सोडी टाकशात तुम्ही एक दिन."

नव्याण्णवच्या मे महिन्यात भर दुपारी पुना आला. पुना शेठचा ड्रायव्हर, झुलालच्याच गावचा. शेठची जर्मन गाडी त्याने थेट पत्र्याखाली घातली.

"झुलालभाऊ, गाडीनं डोकं फिरी गयं."

"गाडीनं का तुन्हं?"

"मस्करी नको करू. मीटरना काटा पडतस, पुन्हा उठतस. गिअर धक्का मारस. शेठ उद्या मुंबईथून येवाना शे."

"मंग कंपनीवाल्याले बलाव."

पुनाने सीट मागे सारून गालिचा उचलला. खाली शेव-मुरमुऱ्यांचा चुरा होता आणि उंदराच्या लेंड्या. जिनिंगच्या गोदामातले उंदीर वासावर आले होते. गाडीत खायचं नाही, हा शेठचा नियम. आधीचा ड्रायव्हर आत बिडी ओढली म्हणून गेला होता. कंपनीच्या माणसाने हा गालिचा शेठसमोर उचलला की पुनाची नोकरी संपणार होती.

गाडीत इंजिनाची एक पेटी, गिअरची एक, काट्यांची एक, आणि या सगळ्या इलेक्ट्रॉनिक पेट्या दोन बारीक तारांवरून एकमेकींशी बोलतात, एवढं पुनाने मुंबईत ऐकलं होतं. झुलालने हातातला टेस्टचा बल्ब खाली ठेवला. पेट्यांच्या तारेला बल्ब लावला तर पेटी जळू शकते, हे त्याला कळत होतं. त्याने बॅटरी सोडली, एका प्लगमध्ये त्या दोन तारांवर मीटर लावला आणि पुनाला आकड्यावर नजर ठेवायला सांगून तारांचा जुडगा पुढून मागे हलवत गेला. आकडा किती असायला हवा हे त्याला माहीत नव्हतं. पण धड वायरिंगचा आकडा हलत नाही, हे माहीत होतं. ड्रायव्हरच्या सीटखाली हात गेला आणि पुना ओरडला, "दुप्पट व्हयना!" हात सोडला की आकडा जागेवर, दाबला की दुप्पट. तिथे एक तार कुरतडून केसाएवढी उरली होती.

दोष सापडला होता. तेवढाच सांधून सोडून दिला असता तर ही गोष्ट झालीच नसती. पण त्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या होत्या, वेणीसारख्या. झुलालला सोनगीर आठवलं. एवढ्या महागाच्या गाडीत असलं काम कोणी केलं, म्हणून तो चिडलाही. त्याने खराब लांबी पूर्ण काढली आणि नवी तार घातली: एक दाराच्या कडेने, दुसरी मधल्या उंचवट्याच्या कडेने. सरळ. नळीत घालून. टेपची टोकं दुमडून. चुरा झाडून काढला.

मग दोघांनी गाडी अवधान गावापर्यंत पळवून आणली. काटे स्थिर, गिअर लोण्यासारखा. काचा खाली होत्या आणि आत आगीचा वारा येत होता.

"एसी लाव ना रे," झुलाल म्हणाला.

"शेठ नसला का एसी लावानी मनाई शे."

दुसऱ्या दिवशी शेठ मागे बसले, नाशिकला निघाले आणि नेहमीप्रमाणे त्यांनी एसीचा पंखा पूर्ण सोडायला सांगितला. लळिंगच्या चढावर सगळे काटे एकदम पडले, गिअर एका जागी अडकला, आणि मागून येणारे ट्रक हॉर्न देत त्या गाडीला ओलांडून गेले.

नाशिकहून इंजिनियर आला. त्याने गालिचा उचलला. खाली स्वच्छ होतं. "हे कोणी केलं?" त्याने विचारलं. शेठनी वाकून टेपचं दुमडलेलं टोक नखाने उचकटलं आणि ते म्हणाले, "झुलालला बोलवा."

झुलाल आला. इंजिनियर वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "मिस्तरी, तारा पिळलेल्या असतात त्या मुद्दाम. शेजारच्या मोटरचा विजेचा गोंधळ दोघींवर सारखा पडतो, मग पेटी तो वजा करते. तुम्ही दोघींना लांब केलंत. पंख्याची मोटर जोरात फिरली की एकीवर जास्त पडणार, दुसरीवर कमी. पेट्यांना काही ऐकूच येणार नाही."

"चूक मन्ही शे, शेठ," झुलाल म्हणाला. "उंदीरनी तार खाई टाकी व्हती. पुनानी फक्त गाडी आनी."

"उंदीर माझ्या गाडीत कशाला आला, तेही सांग."

झुलाल वाकून गालिचा पुन्हा नीट बसवू लागला.

"तुझी चूक गाडीशी आहे," शेठ म्हणाले. "ती दुरुस्त होईल. पुना, चावी ठेव."

पुनाने चावी बॉनेटवर ठेवली. तापलेल्या पत्र्यावरून ती घसरली, ती त्याने उचलून पुन्हा ठेवली. जाताना झुलालकडे बघून तो एवढंच म्हणाला, "तुले बठ्ठं सरळच लागस. तार बी, बोलनं बी."

पावसाळ्यानंतर पुना शिंदखेड्याच्या रस्त्यावर दुसऱ्याची काळीपिवळी चालवायला लागला. ती जीप रोज संध्याकाळी झुलालच्या दुकानावरून जाई. तिचा एक हेडलाइट बंद होता. आत काय झालं असेल हे झुलाल बसल्या जागेवरून सांगू शकत होता. एकदा जीप प्रवासी भरायला समोर थांबली तेव्हा तो टेप आणि पक्कड घेऊन रस्त्यात उतरला.

"पुना, दोन मिन्टनं काम शे. थांब."

पुनाने खिडकीतून त्याच्या हातातल्या टेपकडे बघितलं.

"राहू दे भाऊ. एक लाइटवर दिसस माले," तो म्हणाला, आणि प्रवाशांना आत सरकायला सांगून त्याने गिअर टाकला.