नलूताईची समोरची खोली

नलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याला आमच्या गच्चीवर तुरीची डाळ वाळत घालत होते. ऊन कोवळं होतं. तिची मुलगी शुभा एवढंच म्हणाली, "मावशी, आई पहाटे झोपेतच..." कितीतरी वेळ मी डाळीवरून नुसता हात फिरवत राहिले. मग खाली जाऊन यांना सांगितलं.

नलूताई माझी मोठी मामेबहीण. अचलपूरजवळ मामांची संत्र्याची बाग होती. बहार आला की आम्ही दोघी झाडाखाली सतरंजी टाकून पडायचो आणि पांढऱ्या पाकळ्या केसांत, पापण्यांवर पडत राहायच्या... पुढे ती अमरावतीला मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवू लागली आणि तिथलीच झाली. पन्नाशी उलटल्यावर, दिवाळीच्या सुमारास, तिला भर वर्गात त्याच फुलांचा वास येऊ लागला. बहाराचे दिवस नव्हते, जवळपास बागही नव्हती. वासापाठोपाठ वाटायचं, ही खिडकी, हा खडू, हे ऊन, सगळं आपलं आधी एकदा जगून झालंय. मग ते विरून जायचं. तिनं कुणालाच सांगितलं नाही. "काहून सांगू?" ती नंतर मला म्हणाली, "मले आवडून राहिलं होतं ना ते. वाटे, बाग भेटाले आली."

एके दिवशी त्या वासामागोमाग ती फळ्यापाशीच कोसळली. हातपाय झटकू लागले. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडून आणला, कुणी दातांत चमचा घातला आणि त्यात तिचा एक दात गेला. नागपूरला तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, मेंदूत डाव्या बाजूला गाठ आहे, आणि तो वास म्हणजे फिटचीच सुरुवात होती. ऑपरेशननंतर वास थांबला. त्याच्याबरोबर बरेच शब्दही गेले. वस्तू समोर असायची, नाव मिळायचं नाही.

घरी आल्यावर तिनं समोरची खोली रिकामी केली, सतरंज्या अंथरल्या, आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी रविवारी सकाळी यावं, असा निरोप धाडला. पहिल्या रविवारी नांदगाव पेठेच्या गिरणीतला एकटाच माणूस आला आणि पोटभर रडून गेला. मग परतवाड्याहून, दर्यापूरहून माणसं येऊ लागली. फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ दवाखाना गाठा, गोळ्या आपल्या मनानं सोडू नका, डॉक्टरांना विचारायला लाजू नका... हे ती अडखळत, हातवारे करत सांगायची. आणि त्या दाताची मोकळी जागा दाखवून हसायची.

मग ते दुखणं आमच्याच घरी आलं. हे बाजार समितीत हर्रास बोलायचे. कापसाचा, तुरीचा लिलाव यांच्या आवाजावर चालायचा. एकदा बोली चालू असताना यांची जीभच अडली. तपासणीत यांच्याही मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन करावं लागेल, बोलण्यावर परिणाम होऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. यांनी भिंतीकडे तोंड केलं. "बोली गेली तं मी उरलो किती?"

मी नलूताईला फोन केला. दुसऱ्या दिवशी शुभाला घेऊन ती हजर. चहा पुढे ठेवला तर यांना म्हणाली, "जावईबापू, ते द्या जरा... ते... ढवळाचं." यांनी चमचा दिला. मग विचारलं, "ताई, खरं सांगा. पुरं वापस आलं का?"

मी मागून तिला खुणावत होते, हो म्हण.

"नाई," ती म्हणाली. "आलं तेवढं आलं. लोकाईची नावं हरवते अजून. एकदा पोरीचंबी हरवलं होतं." शुभानं मान खाली घातली. "पण ते समोर बसून होती. मले ठाऊक होतं, हे माह्यं लेकरू हाये. नाव मागून आलं."

यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "नागपूरले कधी जा लागते?"

आता हे हर्रास बोलत नाहीत. बाजारात वजनकाट्यावर बसतात, मोजकं आणि सावकाश बोलतात. रविवारी माझ्याबरोबर अमरावतीला यायचे, पण त्या खोलीत कधी तोंड उघडलं नाही.

नलूताईची गाठ पुन्हा वाढली. शेवटचं भेटले तेव्हा ती उशीला टेकून, डोळे मिटून होती. मला म्हणाली, "आली..." कोण आली, विचारलं. शब्द मिळेना. तिनं नुसता खोल श्वास घेतला, छाती भरून, आणि हसली. मीही तिच्याबरोबर श्वास घेतला. मला औषधांचाच वास आला... तिला कुठला येत होता, ते कळलं.

तेरवीनंतरच्या रविवारी शुभानं खोली उघडली. मूर्तिजापूरची एक नवीन बाई नवऱ्याला घेऊन आली होती, भेदरलेली. तिनं विचारलं, "ऑपरेशन केल्यावर हे मले वळखतीन ना?" तेव्हा माझ्या शेजारी हे खाकरले. "वळख..." म्हणाले आणि अडले. पुढचा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण अडलेल्याला आपण शब्द पुरवायचा नाही, थांबायचं, ही त्या खोलीत नलूताईनं घालून दिलेली रीत. सगळे थांबले. बाहेरून भाजीवाला ओरडत गेला. ती बाई यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"वळख," हे पुन्हा म्हणाले, "राह्यते."