पाठमोरी वरमाई

परदेशी लोकांची लग्नं लावून देणं हा माझा उद्योग कसा झाला, हे मलाही नीट सांगता येणार नाही. नवरा बोटीवर, घर हळर्णला नदीकाठी, मागे माडांचं भाट, म्हणजे बाग, आणि घरात दोन खोल्या रिकाम्या. त्या मी पाहुण्यांना भाड्याने द्यायला लागले. मग एका जोडप्याला भाटातच लग्न करावंसं वाटलं आणि मी हो म्हटलं. माझी जीभ अशीच आहे. आधी हो म्हणते आणि मग डोक्याला हात लावून बसते.

त्या हिवाळ्यात आलेली जोडी मेक्सिकोची होती. दोघंही दिवसभर लॅपटॉपसमोर बसून काम करायची आणि संध्याकाळी माझ्या सासूबाईंच्या मागे स्वयंपाकघरात. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, त्या मुलाला आमची भाषा येत नव्हती, पण त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. मेज, साबण, पायातली सपात असे आमच्या घरातले पोर्तुगीज शब्द स्पॅनिशच्या जवळचे, म्हणून त्याला कळायचे आणि तो मोठ्याने हसायचा. हरमलची मिरची त्याने कच्ची चावून खाल्ली, घाम पुसला आणि आणखी एक मागितली. त्या दिवसापासून सासूबाई त्याला ‘झील’, म्हणजे मुलगा, म्हणायला लागल्या. स्वतःच्या मुलाला मिरची सोसत नाही याचं त्यांना जन्मभराचं दुःख आहे.

कायद्याचं लग्न त्यांनी आपल्या देशात उरकलं होतं. इथे मित्रमंडळींसमोर सोहळा करायचा होता, तोही घरच्या रिवाजाप्रमाणे. मुलीचे मामा येऊन शपथा देणार होते. शपथा झाल्या की दोघांच्या खांद्यांवरून एकच दोर घालायचा, म्हणजे जन्माची गाठ. तो दोर मी अबोलीचा करायचं ठरवलं. तिकडे असतात तसे कर्णेवाले हवे होते, म्हणून म्हापशाहून बँड ठरवला. जत्रेत वाजवतो तोच. मक्याच्या पोळ्या काही जमेनात, तेव्हा सासूबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या पुढे केल्या आणि तो विषय संपला.

एकाच गोष्टीवर आमचं घोडं अडलं. त्यांच्याकडे नवरदेव आईच्या हाताला धरून लग्नाला उभा राहायला येतो. आणि याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला विमानात बसायची बंदी. ती फोनवरून बघणार होती. तो मुलगा तसा हसरा, पण हे सांगताना त्याचा चेहरा पडला. एकट्याने चालत जायचं म्हणजे आई नसल्यासारखं, असं म्हणाला. मग सासूबाईंकडे बघत मला म्हणाला, “त्या होतील का माझी आई, त्या दिवसापुरती?”

मी ते सासूबाईंना सांगितलं. त्यांनी पदराने डोळे पुसले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “दिसापुरती कित्याक? जालंय आवस.” दिवसापुरती कशाला, झालेच मी त्याची आई!

“त्याला घेऊन जायचं आहे तुम्हाला,” मी म्हटलं.

“म्हायत आसा माका,” त्या म्हणाल्या. मीही पुढे काही विचारलं नाही.

लग्नाच्या दिवशी मी पहाटेपासून धावत होते. फुलं उशिरा आली, खुर्च्या कमी आल्या, बँडवाल्यांना चहा कमी पडला. सासूबाईंनी मात्र सगळं वेळेवर केलं. नवी साडी, केसात अबोली. नवरदेवाला दारापुढच्या खळ्यात पाटावर उभं केलं, कुंकू लावलं, ओवाळलं, तोंडात साखर घातली. तो इतका खूश झाला की ओवाळणीचं तबकच उचलून फोटो काढत बसला. मग त्या म्हणाल्या, “जा झिला, बरो जा,” आणि आत गेल्या. मला वाटलं, पाणी प्यायला गेल्या असतील.

संध्याकाळी भाटात पाहुणे बसले. नवरदेव माडांच्या रांगेच्या टोकाशी येऊन उभा राहिला, कोपर पुढे करून. बँड सुरू झाला. एक चाल संपली, दुसरी संपली. कर्णेवाल्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. तेव्हा मी घराकडे पळाले.

सासूबाई स्वयंपाकघरात वड्यांचं पीठ मळत होत्या. शेजारी उंबऱ्यावर ठेवायचं तांदळाचं माप भरून तयार.

“आई! तो तिकडे वाट बघतोय!”

“माझी कित्याक वाट बघता? ओवाळून धाडलंय मां तेका?”

“अहो, तुम्ही त्याची आई आहात ना आज?”

“मगे? म्हणानच हंय बसलंय. आवशीन झिलाचां लगीन बघूचां नसतां.”

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्याकडे नवऱ्या मुलाची आई लग्न बघत नाही. मुलाला ओवाळून घरातून पाठवते आणि सून उंबऱ्यावर येईपर्यंत घरी थांबते. बघितलं तर मुलाला बाधतं म्हणतात. माझ्या लग्नातही सासूबाई नव्हत्या. वऱ्हाड मयेला माझ्या माहेरच्या दारात आलं आणि त्या इथे हळर्णला होत्या. हे मला पाठ असायला हवं होतं. पण मेक्सिकोच्या लग्नात हळर्णचा नियम लागेल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

“त्यांच्यात असं काही नसतं हो,” मी चिडूनच म्हटलं.

“झील म्हटलंय मां तेका? मगे एका झिलाक एक आनि दुसऱ्याक दुसरां, तसां कसां जातलां? तेचां काय वायट जालां तर?”

त्या हट्ट करत नव्हत्या, त्या घाबरल्या होत्या. हे कळलं तेव्हा माझा राग उतरला.

एवढ्यात नवरदेव स्वतःच दारात आला. मी त्याला सगळं समजावलं. मला वाटलं हा हसेल, आणि हसला असता तर मी त्याला दोन शब्द सुनावलेही असते. पण तो हसला नाही. सासूबाईंपुढे जाऊन गुडघ्यावर बसला आणि मला म्हणाला, “त्यांना सांग, बघू नका. नुसतं चला.”

सासूबाईंनी थोडा विचार केला. हात धुतले, पदर सारखा केला. “चलूक काय हरकत ना,” म्हणाल्या. “चलान येतंय. बघूचंय नाय.”

आणि त्या चालल्या. त्याच्या हाताला धरून, नजर त्याच्या बुटांवर, थेट पुढपर्यंत. तिथे त्याने त्यांच्या गालाचं चुंबन घेतलं, त्या लाजून लाल झाल्या आणि लगेच वळून उभ्या राहिल्या. नवरा-नवरीकडे पाठ, तोंड पाहुण्यांकडे. पाहुणे गोंधळले. बाईमाणूस असं सगळ्यांसमोर अवघडून उभं राहिलेलं मला बघवेना, म्हणून माझ्या हातातला फोन मी त्यांच्या हातात दिला. त्यावर त्याची खरी आई होती. तिकडे नुकतं उजाडत होतं. ती पांढऱ्या केसांची बाई फुलाफुलांच्या झग्यात नटूनथटून पलंगावर बसली होती.

सासूबाईंनी फोन तोंडासमोर धरला. त्या बाईला सासूबाईंचं डोकं दिसत होतं आणि डोक्यामागे लग्न. तिने हाताने खूण केली, जरा बाजूला व्हा. सासूबाई झाल्या. मामा शपथा देत होते. सासूबाईंनी एकदाही मान वळवली नाही. त्या फक्त त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. ती हसली की ह्या हसायच्या. ती ओठ चावायची, ह्याही चावायच्या. अबोलीचा दोर दोघांच्या खांद्यांवर पडला तेव्हा ती बाई दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली.

“लागलां गो लगीन,” सासूबाई मला म्हणाल्या. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “ती रडता बघ.”

मग जे झालं ते नुसती धमाल. नवरीने उंबऱ्यावरचं माप आत लवंडायच्या ऐवजी पायाने बाहेर उडवलं आणि तांदूळ ओट्यावरून थेट खळ्यात गेले. बँडवाल्यांनी सोसेल तेवढं वाजवलं. नवरदेवाने रिवाजाप्रमाणे आईबरोबर नाच मागितला, तर सासूबाईंनी त्याला फुगडी घालायला लावली. वडे संपले, भाकऱ्या संपल्या, मिरच्याही संपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी खळ्यातले तांदूळ वेचत होतो. सासूबाई वर न बघता म्हणाल्या, “तुमच्या लग्नाक असो फोन नव्हतो.”

“नव्हता.”

“फोटो बघलंय मी. पण फोटोत काय कळता?” त्यांनी मूठभर तांदूळ सुपात टाकले. “अंतरपाट सोडलो तेव्हा माझ्या झिलान काय केल्यान गो?”

इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर एका घरात राहते. इतकी वर्षं त्यांनी हे विचारलं नव्हतं आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं.

मी सूप बाजूला ठेवलं आणि त्यांच्याजवळ सरकून बसले.

“मुंडावळ्या कानात अडकल्या होत्या त्यांच्या,” मी म्हटलं. “हार घालताना हात इतका कापत होता की हार माझ्या नाकावर आला. मला हसू आवरेना. मग तेही हसले. भटजी ओरडले दोघांना.”

सासूबाई हसल्या. हातातले तांदूळ हातातच राहिले.

“आनि?” त्या म्हणाल्या.