गटारीनंतरचा खताचा ड्रम

श्रावणातला पहिला रविवार, सकाळ. गच्चीवर हजर: सेक्रेटरी, तिसऱ्या मजल्यावरच्या मामी, नाकाला रुमाल लावलेले चार शेजारी आणि मी. गैरहजर: बाकी सगळी इमारत.

ओल्या कचऱ्याचं खत करायची टूम माझी. लालबागची आमची चाळ पाडून इमारत झाली, तेव्हा मागे लागून मी हा ड्रम बसवून घेतला. फळांच्या साली, भाजीची देठं, चहाचा चोथा; सुरळीत चाललं होतं. मग गटारी आली. श्रावण लागायच्या आत घरोघरी कोलंबी झाली आणि सालं ड्रमात पडली. ‘मटण, मासे टाकू नयेत’ असं मी लिफ्टमध्ये लावलं होतं. पण आमच्याकडे कोलंबी वांग्यात पडते, म्हणजे ती भाजीच.

"आजच्या आज ड्रम हलवा," सेक्रेटरी म्हणाले. "कचरा पूर्वीसारखा गाडीत जाऊ दे."

मामींनी झाकण उघडून पाहिलं. "गो, सालां अशी उघडी कित्याक ठेवलंस? पुरूक होयी ना!"

चाळीत मामींच्या गॅलरीत डालडाच्या डब्यांतून अबोली होती. कोलंबी सोलली की सालं डब्याच्या तळाशी, वर माती, त्यावर नारळाची शेंडी. शेंडी कोणी फेकत नसे. थोडी भांडी घासायला, थोडी झाडांना. वास आल्याचं मला आठवत नाही. शाळेत निघताना मामी हाक मारून वेणीत अबोली माळायच्या, ते आठवतं. घरातला कचऱ्याचा डबा तेव्हा एवढासा, आणि तोही भरायचा नाही.

मी खाली जाऊन दारं वाजवली. श्रावणातही नारळ प्रत्येक घरात फुटतोच. शेंड्या जमल्या. त्या पिंजून, वाळकी पानं आणि जुनं खत घालून आम्ही दोघींनी थर लावले. मामींना वाकवत नव्हतं, तरी हुकूम सोडत होत्या.

दुपारी सेक्रेटरींनी लांबूनच वास घेतला. "गणपतीपर्यंत राहू दे. पुन्हा घाण सुटली तर मी ऐकणार नाही."

"गणपतीत कोण कोलंबी खाता?" मामी म्हणाल्या. "गणपती गेल्यावर काय ता बघा."

त्यांचं बरोबर आहे. विसर्जन झालं की बाजारात पहिली गर्दी आमचीच. तोवर दर शनिवारी ड्रम ढवळून थर द्यायला माझ्या जोडीला माणूस हवा. चार दारांवर विचारलं, चारही घरी शनिवारी कामं निघाली. पाचवं दार सेक्रेटरींचं. तिथे अजून जायचं आहे.