रंभाबेननी पकडलेली हवा

रंभाबेन सोरठियांनी आयुष्याची सव्वीस वर्षं राजकोटच्या एका ऑइल इंजिनच्या कारखान्यात काढली. पहिल्या दिवशी निघाल्या तेव्हा सासरे दारातच उभे राहिले होते. "सोरठियांची सून काळ्या तेलात हात घालणार?"

रंभाबेननी पदर खोचला. "हात माझे आहेत, बापुजी. घरी येताना धुऊन येईन." आणि त्यांच्या बाजूने निघून गेल्या.

कारखान्याच्या कागदावर त्या शेवटपर्यंत 'हेल्पर'च राहिल्या. पण डिझेलचं किंवा रॉकेलचं एखादं नवं इंजिन नीट चालेना, की फोरमन स्वतः हाक मारायचा, "रंभाबेन, जरा हात लावून बघा."

घरात मात्र ही गोष्ट कुणाच्या खिजगणतीत नव्हती. मुलगा हिरेन विमा कंपनीत साहेब झाला, त्याने सात जणांची उंच, पांढरी गाडी घेतली, आणि त्याची आई, घरातली बा, मागच्या सीटवर नातवंडांच्या मध्ये बसू लागल्या.

यंदा उन्हाळ्यात ती गाडी बिघडली. पळताना अगदी झकास. पण सिग्नलला उभी राहिली की तिला हुडहुडी भरायची. स्टिअरिंग थरथरायचं, आरसा हलायचा. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी प्लग बदलले, फरक पडला नाही. दुसऱ्या खेपेला मशीन लावून सांगितलं, की इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, चारही इंजेक्टर नवे घालावे लागतील.

रविवारी सकाळी गाठिया आणि तळलेल्या मिरच्या खाता खाता हिरेन म्हणाला, "नकोच ती कटकट. विकून टाकतो."

"कमी पडतंय हे कुणी पाहिलं?" रंभाबेननी विचारलं.

"मशीनने, बा."

"मशीनने एवढंच सांगितलं असेल, की हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे. मग हवाच जास्त येत असली तर?"

हिरेन हसला. "बा, हा शेतातला पंप नाही. यात कॉम्प्युटर आहे."

"श्वास तर नाकानेच घेते ना? चल खाली."

"अख्खी सोसायटी बघेल!"

"बघू दे. मी काय चोरी करतेय?" त्या उठल्या. कपड्यांना इस्त्री करताना पाणी मारायची बाटली उचलली. सून कृपालीने काही न विचारता हिरेनच्या हातात किल्ली ठेवली.

पार्किंगमध्ये रंभाबेननी पदर कमरेला घट्ट आवळला, बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि बॉनेट उघडायला लावलं. गाडी सुरू झाली. डोळे मिटून त्यांनी तळवा कडेच्या पत्र्यावर ठेवला. झोपाळ्यावरचे दोन निवृत्त काका पेपर सोडून बघू लागले. एकाने टोमणा मारला, "काय रंभाबेन, नाडी बघताय?"

"हो. पुढचा नंबर तुमचा."

मग त्या हिरेनला म्हणाल्या, "एकच सिलिंडर मेला असता, तर ठोका ठरलेल्या वेळी चुकला असता. ही कशीही अडखळतेय. आता थोडा वेग दे." वेग वाढला, थरथर गेली. पाय काढला, परत आली. "बघ. जोरात चालते तेव्हा घोटभर जास्त हवेचं तिला काही वाटत नाही. उभी असताना मात्र तोच घोट जड जातो. कुठूनतरी हवा आत शिरतेय. इंजेक्टर बरे आहेत."

पंख्यापासून आणि तारांपासून हात लांब ठेवून त्यांनी रबरी नळ्यांच्या एकेका सांध्यावर पाण्याचे थोडे थोडे फवारे मारायला सुरुवात केली. पहिल्या सांध्यावर काही नाही. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावर नाही. काका पुन्हा पेपरात शिरले. घामाने रंभाबेनच्या कपाळावरचा कुंकवाचा चांदला ओघळला. हिरेन म्हणाला, "बा, पुरे आता."

"पुरे झालं की मी सांगेन."

इंजिनाच्या मागच्या बाजूला, खाली, एक नळी वळण घेऊन आत जात होती. तिथे पाणी पडलं आणि गाडीची थरथर एकदम थांबली. पाण्याने हवेची वाट बुजली तेवढे दोन-तीन क्षणच. पाणी आत ओढलं गेलं आणि पुन्हा थरथर. त्यांनी परत फवारा मारला, परत तेच.

"बंद कर," त्या म्हणाल्या.

इंजिन निवल्यावर नळी निघाली. वरून धडधाकट, पण वळणाच्या पोटात नखभर चीर. वाकवली की तोंड उघडायची.

पार्ट्सच्या दुकानात रंभाबेन स्वतः गेल्या. दुकानदार नळी उलटसुलट करत म्हणाला, "बेन, मेकॅनिकला पाठवा, चुकीची नेलीत तर परत घेणार नाही."

"मेकॅनिकच आलीय. माप बघून द्या."

नवी नळी बसवली, गाडी सुरू केली, आणि ती तशीच थरथरली. हिरेनने लगेच हात झटकले. "बघितलंस? सांगत होतो मी."

रंभाबेन पुन्हा इंजिनावर वाकल्या. क्षणभर वाटलं, सव्वीस वर्षं आपण उगाच मिरवतोय की काय? मग त्यांनी सगळ्या सांध्यांवरून पुन्हा बोट फिरवलं. एकही ढिला नव्हता. "तुझ्या कॉम्प्युटरला जुन्या चिरेची सवय झालीय," त्या म्हणाल्या. "थोडी चालली की ती सुटेल. गोंडल रोडला फिरवून आण. मी इथेच बसते."

अर्ध्या तासाने गाडी फाटकातून आत आली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. सुरूच होती, पण ते कळायला कान द्यावा लागत होता. हिरेनने काच खाली केली. मग त्याने आरशाकडे पाहिलं; आरसा हलत नव्हता. कृपालीने मात्र सासूचे तेलकट हात आपल्या हातांत घेतले.

पुढच्या आठवड्यात त्याच गाडीतून सगळे कृपालीच्या भावाच्या साखरपुड्याला गेले. जेवणाच्या पंगतीत व्याह्यांनी, म्हणजे कृपालीच्या वडिलांनी, विचारलं, "जमाईराज, गाडीचा काहीतरी त्रास होता ना?"

"हो, किरकोळ होता. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी काढला," हिरेन ताटाकडे बघत म्हणाला.

रंभाबेननी हातातली पुरी ताटात ठेवली.

"त्यांनी नाही, मी काढला," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण सगळी पंगत ऐकत होती. "नळी फाटली होती. मी शोधली, मी बदलली. हिरेन, लाजायचं असेल तर खोटं बोलल्याबद्दल लाज."

कुणीतरी खाकरलं. हिरेनचे कान लाल झाले. तो हळूच म्हणाला, "हो. बानेच केली दुरुस्त."

व्याही रंभाबेनकडे बघतच राहिले. मग खुर्ची जरा पुढे ओढून म्हणाले, "बेन, आमच्या गाडीचंही थोडं तसंच आहे."

"जेवून घ्या," रंभाबेन म्हणाल्या. "मग किल्ली द्या."