शॉकअपचे सील

वसमतहून कुरुंद्याच्या शाळेत मी सायकलने जाते. गुडघे दुखायला लागले तेव्हा डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, आणि भाच्याने त्याची जुनी माउंटन बाइक दिली. दोन वर्षांनी तिच्या पुढच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर तेलाचं कडं दिसू लागलं. हँडल दाबलं की शॉकअप अडकायचं. सायकलवाल्याने शॉकअपसकट चाक धरणारा अख्खा चिमटाच बदलायला सांगितला.

शाळेतल्या शिपायाने मला एका चाचांकडे नेलं. त्यांनी आयुष्यभर मोटारसायकलींची शॉकअप दुरुस्त केली होती. लकव्याने उजवा हात गेला तेव्हापासून दुकान बंद होतं.

"हात न्हाई राहिला आता, मॅडम," ते म्हणाले. मी सायकल वळवली, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तेल एकाच बाजूनं येऊन राहिलं का दोन्हीकडनं?"

दोन्हीकडून, म्हटल्यावर ते उठले. डाव्या हाताचं नख नळीवरून वर-खाली फिरवलं. ओरखडा नव्हता. रबराचे सील झिजून आत धूळ गेली होती, एवढंच. नवीन सील मागवून घेऊन या, म्हणाले. बसवणार कोण, असं मी विचारलं.

"तुमीच. मी सांगतो."

सील आले त्या रविवारी आम्ही अंगणात बसलो. त्यांची सून सायकल धरायला आली. चाचा खाटेवरून सांगत होते आणि मी खालचे बोल्ट काढत होते. चिमट्याचे खालचे जाड पाय नळ्यांवरून ओढून काढले तर आतून काळं, वाळू मिसळलेलं तेल निघालं. जुने सील उचकटले, आतले स्पंज धुऊन नव्या तेलात भिजवले. पहिला सील माझ्याकडून तिरका बसायला लागला आणि मी घाबरून जोर केला. चाचा ओरडले नाहीत. थांबा, काढून घ्या, म्हणाले. दुसऱ्यांदाही मला जमेना, तेव्हा सुनेने पदर खोचला, प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा सीलवर सरळ ठेवला आणि चारी बाजूंनी सारखं दाबत सील बरोबर बसवला.

चाचा तिच्याकडे बघतच राहिले. तिला हे येतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. रोज दुकानात डबा द्यायला जायची, तेव्हा बघायची, असं तिने खाली मान घालून सांगितलं.

दुसरा सीलही तिनेच बसवला. चाचांनी हँडल दाबून पाहिलं. शॉकअप गप्पकन खाली गेलं, सावकाश वर आलं. नळ्या कोरड्या होत्या.

महिन्याभराने त्या रस्त्याने गेले तर दुकानाचं शटर वर होतं. चाचा खुर्चीत बसून काहीतरी सांगत होते, आणि सून एका मोटारसायकलपुढे बसली होती. तिने मान वर केली नाही. मीही हाक मारली नाही.